सदुसष्ट

मोंकायोच्या डोंगरावरून थिएर्थो सुटला
की एब्रोकाठी आधी ओठ फुटतात,
मग दारांच्या चौकटी,
मग या कपाटातला आकडा उतरू लागतो.
चौसष्ट. एकसष्ट. परवा पहाटे अठ्ठावन्न.

काचेच्या दारामागे तीनशे बारा सिगार
आडवे निजलेत,
आणि दुकानाची चावी हाती आल्यापासून, म्हणजे सोळा महिने,
मी हा एकच आकडा सांभाळतेय: सदुसष्ट.
फार वर गेला तर बुरशी.
खाली आला तर वरचं पान तडकतं,
आणि गिऱ्हाईक ते पान
माझ्या तोंडासमोर नखाने सोलून दाखवतं.

एउलोखिओ, माझे चुलतसासरे, आकडा बाळगत नसत.
अंगठा आणि तर्जनी.
सिगारची कंबर हलकेच दाबायची, कानाशी न्यायची,
"याला तहान लागलीय" एवढंच म्हणायचं
आणि खालच्या फळीवरच्या बशीत पाणी.
ते गेले, बोटं सोबत नेली.
मला यंत्र घ्यावं लागलं.

यंत्राची आधी परीक्षा घेतली.
बाटलीच्या बुचात मीठ, मिठात चार थेंब पाणी,
दोघांना बरणीत कोंडलं रात्रभर.
सकाळी पंच्याहत्तर दिसायला हवेत.
दिसले एकाहत्तर.
मिठाला न जागणारं यंत्र!
तरी ठेवलं. चार मिळवून वाचते.
घरातल्या माणसांचं बोलणंही मी
काही मिळवून, काही वजा करूनच ऐकते.

फेर्मिन म्हणाला, पाणी कमी पडतंय.
मग पाणी. इस्त्रीचं, पण लॅव्हेंडरचा वास नसलेलं;
ते शोधायला तीन दुकानं.
जेलच्या डब्या. मागे बोटभर पंखा,
तासाला चार मिनिटं कुजबुजणारा.
ओल्या फडक्याने सीडरच्या फळ्या पुसल्या,
कारण लाकूड आधी स्वतः पितं,
उरलं तर पाहुण्यांना.
तरी वरचा कप्पा वाळवंट, खालचा तळघर.
मी वरचे खाली, खालचे वर.
झोपेतसुद्धा वरचे खाली, खालचे वर.

शनिवारी नोटरी इरान्थो आले.
निवृत्त. डॉक्टरांनी धूर बंद केलाय;
तरी दर शनिवारी एक सिगार घेतात,
नाकाखालून फिरवतात, खिशात ठेवतात.
घरी किती साठलेत, मी विचारत नाही.
त्या दिवशी पडलेलं नाणं उचलायला वाकले
तसा त्यांचा चेहरा कपाटाच्या कुलपापाशी आला.
"निएवेस, इथून वास येतोय. यायला नको."

किल्लीचं भोक.
वाटाण्याएवढं.
सबंध हिवाळा माझं पाणी त्यातून बाहेर चाललेलं.

आणि मग आठवलं.
पहिल्या आठवड्यात, साफसफाईच्या भरात,
तिथून कागदाची एक सुरळी ओढून काढली होती मी.
औषधांच्या दुकानाची पावती, पिवळी पडलेली.
म्हाताऱ्याला काय कुठे कोंबावं कळत नसे,
असंही म्हणाले होते बहुधा,
आणि केरात टाकली.

नोटरींनी विचारलं नाही काही.
मीच नुकती दिलेली पावती खिशातून काढली,
एक सिगार, नऊ युरो ऐंशी,
घट्ट गुंडाळली, माझ्या हाती दिली.
सैल होत होती.
जिभेने ओली केली, तेव्हा बसली.

आज मंगळवार. बाहेर थिएर्थो
दुकानाची पाटी आपटतोय भिंतीवर.
यंत्र म्हणतं, त्रेसष्ट.
म्हणजे सदुसष्ट.

तरी दार उघडून एक उचलते,
दाबते, कानाशी नेते.
काही ऐकू येत नाही.
तहान लागली नसेल.